बापूकाका आणि पुढचा ब्रेक

आमच्या सोसायटीत रविवारी सकाळी पार्किंगमधून जाण्याचा धोका जाणती माणसं पत्करत नाहीत. दूध आणायचं असेल तर मागच्या फाटकाने जातात. कारण पार्किंगमध्ये बापूकाकांची सीबीझी मोटारसायकल स्टँडवर उभी असते आणि काकांना एक हात कमी पडत असतो. “जरा इकडे ये रे, एक मिनिट,” ही त्यांची हाक कानावर पडली की दुपारच्या जेवणापर्यंतचा वेळ गेलाच म्हणून समजावं.

काकांची उभी हयात चिंचवडच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये गेली. सुताचा फरक नुसत्या बोटाने सांगणारी ही माणसं गॅरेजवाल्याच्या हाती गाडी देतील कशी? त्यात ही गाडी १९९९ सालची. तेव्हा रस्त्यावरच्या बहुतेक मोटारसायकलींना पुढेही ड्रमच असायचा, आणि हिच्या पुढच्या चाकाला २४० मिलिमीटरची चकचकीत डिस्क. काका सांगतात, सिग्नलला लोक वाकून बघायचे. अजूनही कोणी “एकशेसाठ सीसी ना?” असं विचारलं तर ते थांबवतात. “एकशे छपन्न पॉइंट आठ.” तो पॉइंट आठ त्यांनी आजवर कोणालाही सोडलेला नाही.

गाडी जाते कुठे, तर मंडईत. परत येताना पाठीला भाजीची पिशवी. वेग चाळीसच्या वर नाही. पण ब्रेक मात्र वरंधा घाट उतरायचा असल्यासारखा लागतो.

ब्रेकच्या मऊपणाची त्यांची स्वतःची मोजपट्टी आहे आणि ती गोडाधोडाची आहे. नवीन ऑइल, हवा सगळी निघालेली, लिव्हर दोन बोटांनी दाबली की जागच्या जागी घट्ट, याला ते ‘चिक्की’ म्हणतात. थोडी दबली तर ‘बर्फी’. आणि दाबता दाबता लिव्हर हँडलला टेकायला आली की “खरवस झालाय, खरवस,” असं पडलेल्या आवाजात सांगतात. शेजारचे जोशी बिचारे डायबेटिसचे. त्यांना काका नक्की कशाबद्दल बोलताहेत ते बरेच दिवस कळलं नव्हतं.

मग ब्रेकमधली हवा काढायची तयारी. टाकीवर काकूंची जुनी साडी, कारण ब्रेक ऑइलचा थेंब पडला तर रंग सोलून निघतो. शेजारी पाण्याची बादली, पडलाच थेंब तर लगेच धुवायला. श्रीखंडाच्या डब्यात आठ नंबरचा रिंग पाना, माशांच्या टाकीची पारदर्शक नळी, जॅमची बाटली. मास्टर सिलिंडरच्या झाकणाचे दोन स्टार स्क्रू उघडताना तर कोणी बोलायचंही नाही. चुकीचा स्क्रू ड्रायव्हर लावून त्यांची डोकी घालवणाऱ्यांची एक यादी काकांकडे तोंडपाठ आहे. त्यात त्यांचे सख्खे मेहुणे आहेत.

ऑइल मात्र दर वेळी सीलबंद डब्यातलंच. गेल्या वेळचं उरलेलं चालत नाही. हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, हा काकांचा जिव्हाळ्याचा विषय. “डॉट फोर. कोरं असताना उकळतं दोनशेतीस डिग्रीला. पाणी प्यायलं की एकशेपंचावन्नला. घाटात ब्रेक तापला, आत वाफ झाली, की दाबत बसा!” हे आकडे त्यांनी पुतणीच्या लग्नात व्याह्यांनाही ऐकवले. व्याही जिलबीचा घास हातात धरून ऐकत राहिले. त्यांची स्कूटर होती, ड्रम ब्रेकची.

आता मुख्य प्रयोग. काका कॅलिपरशी उकिडवे बसतात, एका हातात पाना, दुसऱ्यात टॉर्च. तुम्ही लिव्हरपाशी.

“दाब. सोड. दाब. सोड. दाब... आणि धर. धरलंस?”

“धरलं.”

“नक्की?”

निपल पाव आटा उघडतं. नळीतून काळपट ऑइल येतं, त्यात साबुदाण्याएवढे बुडबुडे. तुमच्या हाताखाली लिव्हर हळूहळू हँडलकडे बसत जाते आणि सोडून द्यायचा अनावर मोह होतो. पण काकांनी निपल आवळून “सोड” म्हटल्याशिवाय सोडायचं नाही, नाहीतर बाहेर काढलेली हवा परत आत. तिसऱ्या मजल्यावरच्या पोराने एकदा फोन वाजला म्हणून मध्येच सोडलं. काका ओरडले नाहीत. “असू दे,” एवढंच म्हणाले. पोरगा पुढे इंजिनिअर झाला, बंगळुरूला गेला, त्याचं लग्न ठरलं. काकांना पत्रिका दिली तेव्हा ते काकूंना म्हणाले, “अगं, तो सोडणारा नाही का, त्याचं लग्न.”

मध्ये मध्ये वरचं ऑइल संपत आलंय का ते बघायचं. ते तळाला गेलं आणि वरून हवा ओढली गेली तर सगळं पहिल्यापासून. मग नळीत नुसतं स्वच्छ, मधाच्या रंगाचं ऑइल यायला लागतं. तुम्हाला वाटतं, सुटलो. काका टॉर्च मारतात आणि म्हणतात, “अजून आहे.”

तो एक शेवटचा बुडबुडा त्यांच्याशिवाय कोणालाच दिसत नाही. त्याच्यासाठी ते स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने कॅलिपरवर टकटक करतात, होजवर टिचक्या मारत वर जातात आणि “चला, चला बाहेर” असं त्याला गोंजारून सांगतात. इतक्या मायेने ते नातवाशीही बोलत नाहीत. हवा वर जाणार आणि आपण तिला खाली ओढतोय, हे त्यांना पक्कं माहीत असतं. शेवटी लिव्हर दाबून जुन्या ट्यूबच्या रबराने ती रात्रभर हँडलला बांधून ठेवतात. वॉचमनला ताकीद, कोणी हात लावायचा नाही. सकाळी बघावं तर चिक्की.

पुतण्याने एकदा त्यांना एकदिशा व्हॉल्व्हची नळी आणून दिली. ती लावली की एकटा माणूसही हवा काढू शकतो, धरायला दुसरा लागत नाही. काकांनी ती उलटसुलट बघितली, व्हॉल्व्हची तोंडभरून तारीफ केली, श्रीखंडाच्या डब्यात ठेवली. परत काढली नाही. विचारलं तर म्हणाले, “एकट्याने करण्यासारखं काम आहे होय हे?”

खरं तर त्यांना घरातच उत्तम माणूस आहे. गेल्या पावसाळ्यात पार्किंगमध्ये कोणीच सापडेना, तेव्हा काकू खाली आल्या. एका हातात पेपर, दुसरा लिव्हरवर. काकांनी “धर” म्हणायच्या आत “धरलंय” म्हणायच्या, पाना फिरल्याच्या आवाजावरून आपणच सोडायच्या. शब्दकोडं अर्धं व्हायच्या आत ब्रेक चिक्की. काका दिवसभर खट्टू होते. व्याह्यांना ऐकवलेले ते आकडे सांगायलासुद्धा सवड मिळाली नव्हती.

परवा मी सापडलोच. काम झालं, काकांनी डिस्क साबणाच्या पाण्याने पुसली, हेल्मेट घातलं (फाटकापर्यंत जायलाही ते घालतात) आणि गाडी फाटकाशी नेऊन दोन बोटांनी ब्रेक दाबला. पुढचा शॉकअब बसला, गाडी जागच्या जागी. त्यांनी मागे वळून माझ्याकडे असं बघितलं की आता टाळ्या वाजवाव्यात की काय मला कळेना. मी हात पुसून निघणार, तेवढ्यात त्यांचा टॉर्च माझ्या मोटारसायकलच्या मास्टर सिलिंडरवर गेला.

“हे ऑइल कधी बदललंस?”

मी काहीतरी पुटपुटलो.

“कोरा चहा झालाय नुसता,” असं म्हणत काकांनी बाह्या परत वर केल्या, टाकीवर साडी पसरली आणि वर तोंड करून हाक मारली, “अगं, एक पान जास्त मांड.”