आसनगावचे लाटसाहेब

संध्याकाळच्या कसारा लोकलमध्ये कोणी पत्ते कुटतो, कोणी भजनाला टाळ धरतो, उरलेले पेंगतात. आमचे लाटसाहेब मात्र दादर सुटले की थेट राणी व्हिक्टोरियाच्या राज्यात. हातात फोर्टच्या फुटपाथवरची जाडजूड कादंबरी. मुखपृष्ठावर काळाकुट्ट वाडा, एकाच खिडकीत उजेड आणि झगा सावरत पळणारी बाई. न पळणारी बाई त्यांच्या मुखपृष्ठांवर मी अजून पाहिलेली नाही.

वाचून वाचून नजरच तशी झालीय. माहुलीवर ढग उतरले की त्यांना यॉर्कशायर दिसते. माळशेजच्या धुक्यात आम्ही भाजलेली कणसे शोधतो, हे घोडागाडीचा आवाज ऐकतात. वीज गेली की अख्खी आळी शिव्या घालते. लाटसाहेब खुशीत मेणबत्ती लावतात.

गावठी भुतांना मात्र त्यांच्याकडे थारा नाही. मुंजा, हडळ म्हणजे निव्वळ अडाणीपणा. तेच भूत एखाद्या लॉर्डाचे असले आणि साखळ्या ओढत जिना उतरले, की ते मानसशास्त्र! मुरबाडला त्यांची सासुरवाडी. म्हशाच्या जत्रेतून घोंगडी घेऊन रात्री परतताना नेमकी पिंपळाखाली मोटारसायकल बंद पडली, तेव्हा जावईबापूंनी अख्खी रामरक्षा म्हटली, असे मेहुणा सांगतो. इंजिन गार होईपर्यंत वेळ काढत होतो, असे जावईबापूंचे म्हणणे.

एकदा मी म्हणालो, ‘‘अहो, राणी तर तुमच्या तालुक्यातच आहे. कसारा घाटातून आगगाडी 1865 साली गेली. तानसा धरण 1892 चे, म्हणजे ‘ड्रॅक्युला’पेक्षा पाच वर्षांनी थोरले. इथली धरणे मुंबईची तहान भागवतात आणि उन्हाळ्यात इथल्याच पाड्यांवर बाया टँकरची वाट बघतात. यापेक्षा शापित घराणे कुठे मिळणार?’’

‘‘पण त्यात तळघर कुठंय?’’ लाटसाहेबांनी पान उलटले.

मग मी रेनॉल्ड्स काढला. लंडनच्या काळोख्या गल्ल्यांच्या रहस्यकथा लिहिणारा हा गृहस्थ राणीच्या हयातीतच आपल्याकडे आवडीने वाचला जात होता. हरिभाऊ आपट्यांच्या पहिल्या कादंबरीवर, 1885 च्या ‘मधली स्थिती’वर, त्याची सावली आहे. साहेबांचा चेहरा पडला. भुताने झाला नसता इतका त्रास त्यांना या बातमीने झाला. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी कुणी पुणेकर आपल्या आधी तिथे जाऊन आला, हे कसे सोसावे?

जिल्ह्यात अस्सल भूत एकच, असे त्यांचे ठाम मत आहे: मुरबाडची रेल्वे. जिच्याविषयी आजोबांपासून सगळे बोलतात, पण पाहिली कुणीच नाही. हा विनोद ते सासुरवाडीच्या ओटीवर दर दिवाळीला करतात. मेहुणा हसतो. सासरे हसत नाहीत. त्यांच्या शेतात मोजणीवाले येऊन गेलेत.