राजधानी मुक्काम पोस्ट आडगाव

ऑस्ट्रेलियाच्या विनयाला तोड नाही. मालकाच्या प्रायोजकत्वावर मिळणाऱ्या 494 क्रमांकाच्या ‘प्रादेशिक’ व्हिसासाठी सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन सोडून उरलेला सारा देश आडगावात मोडतो. वीस लाखांवर वस्तीचे पर्थ त्यातच. राजधानी कॅनबेराही त्यातच. संसद, व्हिसा नाकारणाऱ्या खात्याचे मुख्यालय आणि वकिलाती, सगळी गावाकडची मंडळी!

या व्हिसासाठी आधी मालकाने कामगारासाठी केलेले नामांकन मंजूर व्हावे लागते. ते फेटाळले, की कामगाराचा व्हिसाही गेला. नामांकन फेटाळल्याविरुद्ध दाद मागण्याचा हक्क मात्र मालकाचा. त्याने हात झटकले, तर कामगाराच्या अपिलात राम उरत नाही. कामाची वाटणी असावी तर अशी: कागद मालकाचे, निर्णय खात्याचा, परतीचे तिकीट कामगाराचे.

अशी अपिले ऐकणारे जुने न्यायाधिकरण ऑक्टोबर 2024 मध्ये जाऊन नवे आले. अपिलाची फी तीन हजार डॉलरांहून अधिक. अर्जदार जिंकला, म्हणजे चूक खात्याची ठरली, तर त्यातली निम्मी परत मिळते.

हे औदार्य फौजदारी न्यायालयांनीही उचलावे. निर्दोष ठरलेल्याची निम्मी शिक्षा तत्काळ माफ.