एका बदलीने मागे

आमच्या मॅडमचा कपड्यांचा अभ्यास दांडगा आहे. काउंटरसमोर उभ्या राहिलेल्या बाईचा पदर, पिना आणि पर्स एवढं पाहून त्या तिचं गाव ओळखतात. आवडनिवड, संस्कार, घराणं हे सगळं त्यांच्या मते नंतरचं. "बाई कामावर कशाने जाते ते आधी विचार," त्या म्हणतात, "पेहराव आपोआप कळतो."

एवढं कळत असूनही मॅडम कुठेच तिथल्या दिसत नाहीत. राष्ट्रीयीकृत बँकेत बढती मिळते ती बदलीला बरोबर घेऊन. नव्या गावासारखं दिसण्यासाठी मॅडम जिवाचं रान करतात आणि जरा जमलं असं वाटायला लागतं तोच पुढच्या गावची ऑर्डर येते. त्यामुळे त्या कायम आधीच्या गावाच्या वेशात वावरतात.

सुरुवात डोंबिवलीची. सकाळच्या फास्ट लोकलमध्ये बायकांच्या डब्यात सुती साडी नेसून चढणारी बाई सीएसटीला उतरते तेव्हा साडीचा बोळा झालेला असतो. म्हणून सिंथेटिक. धुवा, झटका, घाला. ओढणी दोन्ही खांद्यांवर पिनांनी जखडलेली, कारण सुटी ओढणी दुसऱ्याच कुणाबरोबर घाटकोपरला उतरून जाते. सॅक पाठीवर नाही, पोटावर. कानातले डब्यातच घेतलेले, दहाला जोडी असताना. चांगल्या चपला ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, पायांत पावसाळी. मुंबईच्या बायकांना फॅशन नाही म्हणणाऱ्याने एकदा ठाण्याला उतरून दाखवावं.

हा सगळा सरंजाम घेऊन मॅडम नागपूरला हजर झाल्या, ते नेमक्या मे महिन्यात. पारा पंचेचाळीसच्या पुढे आणि अंगात जांभळं पॉलिएस्टर. शिपाई पाण्याचा ग्लास ठेवता ठेवता म्हणाला, "काहून मॅडम, तुम्हाले गरमी नाही होत का बाप्पा?" शाखेतल्या बाकीच्या बायका पातळ सुती कुर्त्यांत. बाहेर पडताना डोक्याला आणि तोंडाला भला मोठा पांढरा दुपट्टा, उघडे फक्त डोळे, आणि त्यांवरही गॉगल. सीताबर्डीवर दुपारी सख्खी जाऊ समोरून गेली तरी ओळखू येत नाही, आणि याचे काही फायदेही आहेत असं तिथल्या एका बाईंनी मॅडमना खाजगीत सांगितलं होतं. मॅडम हळूहळू तयार झाल्या. दुपट्ट्याचे चार वेढे त्यांना आरशाशिवाय जमू लागले. लगेच कोल्हापूर.

कोल्हापूरला पहिल्याच दिवशी मॅडम दुपट्टा गुंडाळून, गॉगल लावून बँकेच्या दाराशी. गार्डने हात आडवा घातला. "ओ ताई, तोंडावरचं सोडा आधी. बोर्ड वाचला न्हाई व्हय?" बोर्ड खरोखर होता: हेल्मेट व स्कार्फ काढून प्रवेश करावा. नव्या अधिकारी बाईंचं तोंड गार्डने सगळ्यांत आधी पाहिलं, आणि पुढे वर्षभर ते सांगितलंही.

कोल्हापूरच्या बाईचा पेहराव वाहन ठरवत नाही, ओळख ठरवते. शाखा ते घर या दहा मिनिटांत सात माणसं विचारतात, "काय ओ वहिनी, सुटली बँक?" म्हणजे अंगावर काय आहे ते सात घरी पोचणार. साडी झळझळीत, गळ्यात ठुशी, केसांत गजरा. मॅडमनी गुजरीत जाऊन साजसुद्धा करून घेतला. नवऱ्याने त्यावर काय म्हटलं ते त्या सांगत नाहीत.

तो साज घालून त्या आमच्याकडे पुण्यात आल्या. पुण्यात कुणी तोंडावर काही बोलत नाही. फक्त "आज घरी काही कार्य आहे का?" एवढं विचारतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी कॅश विभागातल्या बाई मान तिरकी करून म्हणाल्या, "किती उत्साह आहे हो तुम्हाला!" मॅडम त्या संध्याकाळी गजऱ्याशिवाय घरी गेल्या.

आमच्या शाखेतला साधेपणा फार कष्टाचा असतो. रंग मातकट, पण तो वनस्पतिजन्य हवा. दागिना ऑक्सिडाइज्ड, पण तो कुठून आणला याला छोटीशी गोष्ट हवी. बाहुबलीसारखे लांब हातमोजे, सनकोट आणि स्कार्फ चढवून बाई स्कूटरवरून येते, पार्किंगमध्ये हे चिलखत उतरवते, आणि आतून निघतं खणाचं जॅकेट. खण म्हणजे गुळेदगुड्डचा, कोल्हापूरकडच्या आज्ज्यांच्या चोळीचा. तिकडच्या सुनांनी तो केव्हाच ट्रंकेत टाकला, आमच्याकडे तो चौपट भावात प्रदर्शनात मिळतो. पायांत कोल्हापुरी. 2019 साली या चपलांना भौगोलिक मानांकन मिळालं, ते आमच्या शाखेत पेढे मिळाल्यासारखं साजरं झालं. मॅडम चकित. "अगं, कोल्हापुरात माझ्या शाखेत एकीच्याही पायांत नव्हती."

डिसेंबर 2020 मध्ये राज्य सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी पोशाखाचं परिपत्रक काढलं. जीन्स नको, टी-शर्ट नको, शुक्रवारी खादी. ते बँकेला लागू नव्हतं, तरी मॅडमनी दोनदा वाचलं. गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत एकच नियम! बदलीच्या माणसाला यापेक्षा मोठी सोय कुठली? आमच्या बायकांना मात्र शुक्रवारचं हसू आलं. त्या सोमवारपासूनच खादीत होत्या.

मॅडम पूर्ण पुणेकर झाल्या आणि चेन्नईची ऑर्डर आली. निरोपाला आम्ही त्यांना काळ्या धाग्यातलं चांदीसारखं दिसणारं गळ्यातलं दिलं. तेच घालून त्या तिकडे रुजू झाल्या. पंधरवड्याने फोन.

"अगं, इथे सगळ्या जणी सोन्यात! मॅनेजर बाईंनी मला केबिनमध्ये बोलावून हळूच विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना म्हणून. सोन्यावर काही कर्जबिर्ज आहे का, म्हणे."

"मग साज काढा की बाहेर."

"तो मी पुण्यात मोडला ना! आणि माझा तो सिद्धान्त विसर. इथे स्कूटरवरून येतात, हेल्मेट घालतात, आणि हेल्मेटखालून पाठीवर हा एवढा मोगरा. आता वाहनाने काय ठरवलं सांग."

"गजरा तरी घेतलात?"

"घेतला ना. इथे फुलं हातावर मोजून देतात, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत. फुलवाली एवढीशी बुटकी. मी म्हटलं, माप माझ्या हाताने घ्यायचं. तिला हिंदी येत नाही, मला तमिळ येत नाही. अर्धा तास दोघी हात लांब करून उभ्या होतो, मागे सगळी शाखा रांगेत."