सिस्टर, समोर बसून शिक्का घ्या

नोटरीचा शिक्का कसा असावा, हे १९५६ च्या नियमांत लिहिलेलं आहे: साधा, गोल, व्यास ५ सेंटिमीटर. शिक्क्याचं माप सगळे पाळतात. शिक्क्याआधी करायचं काम मात्र कोर्टाबाहेरच्या कितीतरी टेबलांवर होतच नाही. झेरॉक्स पुढे सरकवली, शिक्का आपटला, पैसे दिले, संपलं. मूळ कागद कुणी मागत नाही, समोरच्या माणसाकडे मान वर करून बघत नाही.

घरभाड्याच्या कागदाला हे चालून जात असेल. नाइट संपवून, तसंच न झोपता कोर्टात आलेल्या सिस्टरला हे महागात पडतं. तिला ऑस्ट्रेलियात नोंदणी हवी असते. तिथली यंत्रणा, अहप्रा, नुसत्या शिक्क्यावर भागवत नाही. पासपोर्टची प्रत मुळाबरहुकूम आहे आणि फोटोतली व्यक्ती हीच, हे आपण स्वतः पाहिलं, असं प्रमाणित करणाऱ्याने लिहून द्यायचं. खाली सही, तारीख, नाव, हुद्दा, फोन. मला ही मागणी रास्त वाटते. उद्या ही मुलगी कुणाच्या तरी शिरेत औषध सोडणार आहे. ती तीच आहे, हे एका माणसाने डोळ्यांनी पाहिलेलं असलंच पाहिजे.

खरा जाच नावाचा आहे. दहावीच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग तिचं नाव, मग वडिलांचं. महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदणीवर माहेरचं नाव. लग्नानंतर घरच्यांनी आधार बदलून घेतलं, तिथे नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा, आणि मधलं नाव तिच्या नावाला जोडलेलं. नाशिकमध्ये हे कुणालाच खटकत नाही. ऑस्ट्रेलियाऐवजी आयर्लंडला अर्ज केला, तर डब्लिनमध्ये फाइल उघडणाऱ्याला मात्र या तीन वेगळ्या बायका दिसतात. मग विवाह नोंदणीचा दाखला, राजपत्र, ‘ही सर्व नावे माझीच’ असं प्रतिज्ञापत्र. प्रत्येकासाठी पुन्हा रांग आणि पुन्हा शिक्का. तिच्याच बॅचच्या ब्रदरला, लग्न होऊनही, यातला एकही कागद लागत नाही. लग्न झालं म्हणून बायकोने नाव बदलावं, असं सांगणारा कायदा या देशात नाही. तरी त्याचा दंड तीच भरते.

नर्सिंग कॉलेजांनी हे शेवटच्या वर्षाला वर्गात सांगायला हवं. परिषदेकडे पहिली नोंदणी होण्याआधी प्रत्येक मुलीचे कागद शेजारी शेजारी ठेवून अक्षरन् अक्षर जुळवून बघा. एका दुपारचं काम आहे. आणि नोटरी महाशय, सर्वसाधारणपणे १० वर्षं वकिली केल्यावर तुम्हाला हे पद मिळतं. ते तुमच्या नजरेसाठी दिलेलं आहे.

सिस्टर, तुम्हाला एवढंच सांगते. मूळ कागद घेऊन जा. नोंदणी संस्थेने दिलेला मजकूर छापून सोबत न्या आणि तोच शब्दशः लिहून घ्या. नोटरीच्या रजिस्टरमध्ये नोंद झाली का, ते बघा. मूळ कागद न बघताच तो शिक्का उचलू लागला, तर प्रत परत घ्या आणि दुसऱ्या टेबलाकडे जा.