विश्वसंस्कृती, सकाळी नऊ ते बारा

मे महिन्यात शहरोशहरी भरणाऱ्या बालशिबिरांत ‘जगाची सफर’ नावाचा जो सप्ताह असतो, त्यात रोज एक देश सकाळी नऊला उघडतो आणि बाराला, खाऊ वाटून झाला की, मिटतो. जपान म्हणजे कागदाच्या घड्यांचा पक्षी, हॉलंड म्हणजे पवनचक्की आणि मेक्सिको म्हणजे ‘पिन्याता’, अर्थात आत गोळ्या भरून टांगलेले, डोळे बांधून काठीने फोडायचे कागदी खेळणे, जे दिसताच मुले दहीहंडी समजून थर लावू लागतात. सण, पोशाख आणि पदार्थ एवढ्यावरच परसंस्कृतीची बोळवण करणाऱ्या अशा शिक्षणाला अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ लुईस डर्मन-स्पार्क्स यांनी १९८९ साली ‘पर्यटकी अभ्यासक्रम’ ठरवले; पाहुण्याने यावे, फोटो काढावा आणि निघावे, अशा धर्तीचे ते शिकणे असते.

मुलांच्या बाजूने पाहता अडचण आणखी मुळातली आहे. आपण जिनिव्हाचे असून त्याच वेळी स्विसही आहोत, ही गोष्ट लहान मुलांच्या पचनी पडत नाही, असे मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांना जिनिव्हातल्या मुलांशी बोलताना आढळले आणि ते निष्कर्ष १९५१ साली प्रसिद्ध झाले. सदाशिव पेठेतले सहा वर्षांचे मूल भारतात राहते की नाही, हेच जिथे अनिर्णित (काही प्रौढांच्या बाबतीतही ते तसेच आहे), तिथे त्याने केनिया कुठे शोधावा?

अपवाद इजिप्तचा. ममी, म्हणजे नॅट्रॉन नावाच्या क्षारात सुकवून कापडात गुंडाळलेला मृतदेह, करताना मेंदू आकड्याने नाकातून बाहेर काढत आणि हृदय मात्र जागच्या जागी ठेवत, हे कळताच वर्गात जी शांतता पसरते ती प्रार्थनेच्याही वाट्याला येत नाही. पुढे टिश्यू पेपरच्या गुंडाळीने ताईंचीच ममी केली जाते आणि ‘ममीला शू लागली तर?’ असा प्रश्न येतो, ज्याची दखल कोणत्याही संदर्भग्रंथाने घेतलेली नाही.

चतुर्थीच्या दिवशी मात्र डब्यात साबुदाण्याची खिचडी येते आणि तिच्याकडे कोणी संस्कृती म्हणून पाहत नाही. वास्तविक आपल्याकडचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो टॅपिओका, तसेच शेंगदाणा, बटाटा आणि मिरची ही चारही पिके मूळची अमेरिका खंडांतली असून कोलंबसानंतरच्या काळात ती समुद्रमार्गे भारतात पोहोचली. तेव्हा संयोजकांनी मेक्सिकोच्या दिवशी नाचोजची पाकिटे मागवण्याऐवजी घरची खिचडीच मागवावी; उपवासही मोडत नाही.