जाळीदार

दिवाळीत माणसं फराळाला येतात, हा तपासणीला येतो. अनारसा उचलला की आधी खिडकीच्या उजेडात धरणार. "मावशी, जाळी उत्तम पडलीय. पण खसखशीनं वरची भोकं बुजली." माझ्या आईनं हे वाक्य अजून पचवलेलं नाही. घावन, ढोकळा, पाव, कशातलंही भोक त्याच्या नजरेतून सुटत नाही. त्यामुळे प्रयोगशाळेत आम्ही त्याला जाळीदार म्हणतो, आणि त्याला ती पदवी वाटते.

आमचं दोघांचं काम सिरॅमिकचं, पण धर्म वेगळे. मी पावडर दाबून अशी भाजतो की आत एकही भोक उरता कामा नये. शेजारच्या टेबलावर तो भोकं तयार करतो. भट्टी मात्र दोघांत एकच, सासू-सुनेत एक चूल असावी तशी.

त्याची कृती बघण्यासारखी. अ‍ॅल्युमिनाचं घावनाच्या पिठाइतकं सैल पीठ भिजवायचं, त्यात स्पंजचा तुकडा बुडवायचा आणि पॅटिससाठी भिजलेला पाव पिळतात तसा हलक्या हातानं पिळायचा. वाळला की भट्टीत. स्पंज जळून जातो, वर चढलेलं सिरॅमिक उरतं. १९६३ साली अमेरिकेत श्वार्ट्सवाल्डर आणि सॉमर्स यांनी या युक्तीचं पेटंट घेतलं. ही नावं तो पूजेला गोत्र सांगावं तशी सांगतो. असलीच गाळणी ओतकामात साच्याच्या तोंडाशी बसवतात. वितळलेल्या धातूतला मळ तिथंच अडतो.

पण एवढ्यावर थांबेल तो जाळीदार कसला! पिठात तो स्टार्च मिसळतो. भट्टीत तोही जळतो आणि भोकांच्या भिंतींना बारीक भोकं पडतात. पुढे भाजणी जरा आवरती घेतली, तर कणाकणांमध्ये आणखी बारीक फटी राहतात.

"कशाला रे एवढी?" मी एकदा विचारलं. ही माझी चूक.

"लक्ष्मी रोड नसता तर तू पेठेत शिरला असतास का? आणि नुसता लक्ष्मी रोडच असता, बोळ नसते, वाडे नसते, तर थांबला असतास कुठं? मोठं भोक येण्या-जाण्याला, बारीक भोक कामाला." चहा निवला तरी तो अजून सदाशिव पेठेतच होता.

भट्टीवरून मात्र तो कडक. पाचशे अंशांपर्यंत मिनिटाला एकच अंश, म्हणजे आठ तास. गेल्या महिन्यात मला घाई होती. त्याची जाळी आणि माझी चकती एकत्र ठेवून मी गुपचूप पाच केले. स्पंज जळण्याआधी फुगला आणि भोवतीच्या कोवळ्या काड्या तडकल्या. सकाळी भट्टीत निव्वळ भुगा. एक शब्द न बोलता त्यानं तो कागदावर गोळा केला. घरातलं कुणी गेल्यासारखा चेहरा.

माझीही चकती बिघडली होती. पावडर बांधायला घातलेल्या डिंकाचा धूर वेळेत बाहेर पडला नव्हता. फेकायला निघालो तर त्यानं ती हातातून घेतली, तोडली आणि मायक्रोस्कोपखाली धरली. बराच वेळ मान वर नाही. मग एकदम उजळून म्हणाला,

"अरे, काय जाळी पडलीय! आणि दोन आकारांची! कृती लिहून ठेवलीस ना?"