चि. निसारास, बुलढाण्याहून

चि. निसार यास अनेक उत्तम आशीर्वाद.

३० जुलै २०२५ला तू श्रीहरिकोट्याहून वर गेलास. नासा आणि इस्रो अशा दोन घरांचा लाडका उपग्रह तू, म्हणून खर्चाचा विषय काढत नाही. ७४७ किलोमीटरवरून रडारच्या लहरी सोडायच्या, १२ दिवसांनी त्याच जागी येऊन पुन्हा सोडायच्या, दोन्ही प्रतिध्वनींतला फरक काढायचा आणि जमीन किंवा बांधकाम किती मिलिमीटर खचलं ते सांगायचं, हा तुझा उद्योग. पुलांची प्रकृतीही तुला अशीच कळते म्हणे. पत्रास कारण तेच.

आमच्या गावच्या पुलाच्या स्लॅबचं खालचं सिमेंट गळून गेलंय. कठडा पुराने नेला. खांबाच्या सांध्यात पिंपळ उगवलाय, तो मात्र निरोगी आहे. परवा हे सांगायला आम्ही कचेरीत गेलो. सोबतचे काका कळवळून म्हणाले, ‘‘सायेब, सळया दिसून रायल्या!’’ साहेबांनी मान वर न करता उत्तर दिलं, ‘‘आता उपग्रहावरून तपासणी होणार आहे. जरा थांबा.’’

म्हणजे बकऱ्यांना पाण्यावर नेणाऱ्या पोराला ज्या सळया मान वर करून मोजता येतात, त्या बघायला आता अंतराळातून कोणीतरी यायचं आहे. पूर्वी निधी यायचा होता, मग आचारसंहिता उठायची होती, आता तू यायचा आहेस!

बरं, तुला दिसणार काय? काळ्या मातीतला जोडरस्ता पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात खचतो, ते दिसेल. पण स्लॅबची खालची बाजू वरून दिसत नाही. पुराच्या पाण्याने खांबाच्या पायाखालची वाळू खरवडून नेली, तर पूल हलेपर्यंत तुला पत्ता नाही. आमचा पूल एवढा अरुंद, की तुझ्या चित्रात एखाददुसरा ठिपका. लोणार सरोवराचं पाणी २०२० साली गुलाबी झालं तेव्हा तुझ्या नात्यातल्या लँडसॅटने ते जगाला दाखवलं. आमच्या सळया गंजून तांबड्या झाल्यात, पण त्या रंगाला मागणी नाही.

इटलीत जेनोआचा मोरांडी पूल १४ ऑगस्ट २०१८ला पडला, ४३ माणसं गेली. नंतर संशोधकांनी जुनी उपग्रह-निरीक्षणं उकरली, पूल आधीपासूनच हलत होता असं काहींनी दाखवलं, इतरांनी ते खोडलं. निदान तिथे भांडण मोजमापावरून झालं. महाडचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६च्या रात्री दोन एसटी घेऊन वाहून गेला. त्याची तर मे महिन्यात तपासणी होऊन तो ठीक ठरला होता. पुढे त्याच जागी नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. म्हणजे येतं आपल्याला. फक्त आधी माणसं मरावी लागतात.

आणि कुंडमळा? १५ जून २०२५. इंद्रायणीवरचा तो लोखंडी पूल धोकादायक आहे हे गावाला माहीत होतं, सरकारला माहीत होतं, नव्या पुलाला मंजुरीही होती. तरी तो पडला, चार जण गेले. तिथे कोणता उपग्रह कमी पडला? तू उडायला अजून दीड महिना होता, तुझ्यावर ढकलायचीही सोय नव्हती. माहीत असूनही लोकांना मरू दिलं, याला तांत्रिक अडचण म्हणायचं नसतं रे!

तुझ्यावर कशाला ओरडतोय मी? तुझ्यासारखाच एक कनिष्ठ अभियंता इथे आहे. दर पावसाळ्याआधी पुलाखाली उतरतो, फोटो काढतो, ‘तातडीने दुरुस्ती आवश्यक’ असं लिहून वर पाठवतो. ‘वर’ म्हणजे तुझ्याइतकं वर नाही, दुसऱ्या मजल्यावर. तिथून त्याला उत्तर आलेलं नाही. तुझे मिलिमीटरही त्याच टेबलावर जायचे आहेत, बाळा, म्हणून तुझी काळजी वाटते.

तेव्हा अहवाल पाठवशील तो तीन प्रतींत पाठव. आवक नोंदवहीत क्रमांक पडल्याशिवाय हलू नकोस, आणि पोच घ्यायला विसरू नकोस. ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ म्हणाले, तर बारा दिवसांनी पुन्हा ये. तुला तसंही यायचंच आहे.

कळावे, लोभ असावा.

तुझा,
पुलाअलीकडचा एक काका